विषय : मर रोगाबाबत

तारामतीबाईंविषयी लिहिताना आरंभीच सांगतो, की त्यांची माझ्यावर कधीच मर्जी नव्हती आणि माझीही त्यांच्यावर नव्हती. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडपासून आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात, शेवटच्या गल्लीत, त्यांच्या परसात आणि माझ्या अंगणात कंबरेइतकी एक भिंत आहे. ती मी बांधली. कारण होते तारामतीबाईंच्या कोंबड्या. कोंबडीला उडता येत नाही, असे आम्हांला शाळेत शिकवले होते. ज्या गुरुजींनी ते शिकवले त्यांच्या शेजारी कोंबड्या नसाव्यात. पुढे भिंतीवर मी पुरुषभर उंचीची जाळी बसवली. तेव्हापासून कोंबड्या येणे बंद झाले, आवाज येत राहिला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तेवीस वर्षे मराठी शिकवतो. गावात मात्र माझी ओळख 'अर्जवाले सर' अशी आहे. रस्त्यातला खड्डा, नळाचे गढूळ पाणी, वरातीतला डीजे यांविषयी मी आजवर केलेल्या अर्जांच्या प्रती एका मोठ्या खोक्यात मावत नाहीत. त्यांतल्या एकाही अर्जाने खड्डा बुजला नाही. खड्ड्याविषयीची भाषा तेवढी शुद्ध राहिली.

तारामतीबाई पंचावन्नच्या पुढेमागे असतील. उंची बेताची, आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरून उरणारा. माहेर नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचे. एकतीस वर्षांपूर्वी पहिले बाळंतपण आटोपून सासरी परतताना त्यांनी एका काखेत मूल आणि दुसऱ्या हातात झाकलेली टोपली आणली. उमरीहून रेल्वेने नांदेड, तिथून एसटीने लातूर आणि पुढे मुरुड, असा तो प्रवास. टोपलीत एक कोंबडी होती, उघड्या मानेची. मानेवर औषधालाही पीस नाही, नुसती लालभडक कातडी, आणि तिच्यावर डोके. थंडीत मफलर घरी विसरून आलेले सेवानिवृत्त मुख्याध्यापक जसे दिसतात तशी. सासूने उंबऱ्यातच विचारले, "ही काय अवदसा आनलीस गं?" तारामतीबाईंनी मूल सासूच्या हाती दिले आणि टोपली घेऊन त्या परसात गेल्या. ते मूल आता पुण्याला नोकरी करते आणि वर्षातून एकदा येते. कोंबडीचा वंश परसातच राहिला.

या वंशाचा त्यांना जो अभिमान होता, तो मी चांगल्या चांगल्या घराण्यांत पाहिलेला नाही. या जातीची अंडी त्या कुणाला उबवायला देत नसत. शेजारणीने मागितली, तर उकडून देत. एकतीस वर्षांत तीनदा रोग आला, तिन्ही वेळा एखाददुसरी कोंबडी वाचली आणि तिच्यावरून परस पुन्हा भरले. उमरीच्या माहेरी आता फरशीचे अंगण आहे, कोंबड्या नाहीत. म्हणजे ही जात जगात फक्त आपल्या परसात उरली आहे, असे त्या सांगत. जगाविषयी मी बोलत नाही. आमच्या तालुक्यापुरते ते खरे असावे. प्रत्येक कोंबडीला त्या 'बाई' म्हणून हाक मारीत. नवऱ्याला 'ओ' म्हणत.

हे 'ओ' म्हणजे रामकिशनराव. तीन एकर जमीन, सोयाबीन आणि तूर, स्वभावाने गरीब. गेल्या वर्षी दिवाळीनंतर जावई येणार म्हणून त्यांनी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणला. निम्म्या भावात मिळाला, म्हणून ते वाटेत भेटेल त्याला तो उचलून दाखवीत आले. कोंबडा स्वस्त का असतो, हा प्रश्न त्यांना साठीला येईपर्यंत पडला नव्हता. आमच्या भागात कोंबड्यांत रोगाची चाहूल लागली, की लोक उरलेल्या कोंबड्या पिशवीत घालून बाजार गाठतात. विकणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही, आणि संध्याकाळपर्यंत रोग पाच गावांना पोचतो. एवढी कार्यक्षमता आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याही वाटप योजनेत नाही.

जावई आले आणि संकष्टी असल्याचे सांगून त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. कोंबडा परसात बांधलेलाच राहिला. तिसऱ्या दिवशी तो आपणहून मेला.

"निम्म्या भावात आनला नं ओ," तारामतीबाईंचा आवाज जाळीतून आला, "आता सगळं परस निम्म्या भावात जातंय बगा."

"म्या काय डाक्टर हाव का?" रामकिशनराव म्हणाले.

"डाक्टर नसंना का. गिऱ्हाइक तरी हाव का न्हाई?"

आठवड्याने पहिली कोंबडी पंख टाकून बसली. मग हिरवी हगवण, मग उघड्या चोचीने घरघर, आणि शेवटी मान पिळवटून चोच आभाळाकडे. साऱ्याच कोंबड्या अशा मरतात. पण ज्यांच्या मानेवर पिसे नाहीत, त्यांच्या मानेचा पीळ न् पीळ दिसतो. मी जाळीतून पाहिले, आणि त्या दुपारी मला जेवण गेले नाही. कोंबड्यांविषयी माझी मते बदलली होती असे नाही. पण कुणाविषयीची मते इतक्या टोकाला जाऊन खरी ठरू नयेत.

उपायांना तोटा नव्हता. लसूण ठेचून झाला, हळदीचे ताक झाले. मोबाइलवर कुणीतरी देशी दारूचे चार थेंब सांगितले. तो उपाय रामकिशनरावांनी मनापासून उचलून धरला आणि खात्री करण्यासाठी आधी स्वतःवर करून पाहिला. फाट्यावरचा ढाबेवाला मोटारसायकलवर आला. झुकलेल्या कोंबड्यांकडे बघत म्हणाला, "मावशी, आज दिल्या तर खपत्याल. उद्या मातीतच घालायच्यात की."

"तुज्या गिऱ्हाइकाच्या ताटात मढं वाढतूस व्हय रं?"

"मसाल्यात काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं? निघ हितनं."

गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी एव्हाना आपल्या कोंबड्या बाजारात पोचत्या केल्या होत्या. त्यांनी तारामतीबाईंनाही ती सुबुद्धी सुचवली. त्यांनी ऐकले नाही. मेलेली प्रत्येक कोंबडी त्यांनी हातभर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. हे मी कौतुकाने लिहितो आहे असे वाटेल. पण तेव्हा मी खड्डे माझ्या भिंतीच्या किती जवळ आहेत, ते पावलांनी मोजत होतो.

त्या दिवशी त्या प्रथमच माझ्या फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत.

"सर, गुरांच्या डाक्टर मॅडमला एक फोन लावून द्या की, तुमचं ऐकत्याल. मर आलीया. बावीस होत्या, पंधरा ऱ्हायल्यात. सगळ्या गेल्या तर माजी जात बुडाली बगा."

गावात कोंबड्यांच्या साथीला 'मर' म्हणतात. तो शब्द मला आवडला. मी त्यांना शांतपणे समजावले, की फोनला पुरावा नसतो. आपण अर्ज करू. अर्जाला आवक क्रमांक मिळतो, आवक क्रमांक मिळाला की जबाबदारी निश्चित होते.

"आवक नंबरानं कोंबडी उटून बसती का?"

"बसत नाही. पण उद्या कुणाला नाही म्हणता येत नाही."

"उद्याचं न्हाई ओ सर, आजचं बगा."

तरीही त्या थांबल्या; कारण त्यांना अर्ज लिहिता येत नव्हता आणि मला येत होता, आणि आपल्याकडे ज्याला लिहिता येते त्याला कळतही असावे, असा लोकांचा समज आहे. मी दोन पानी अर्ज लिहिला. 'विषय : मर रोगाच्या प्रादुर्भावाबाबत तातडीने उपाययोजना होणेबाबत.' पुढच्या परिच्छेदांत उघड्या मानेच्या दुर्मीळ कुक्कुटवंशाचा इतिहास, अर्जदार महिलेचे एकतीस वर्षांचे संगोपन आणि प्रशासनाची उदासीनता ही तिन्ही प्रकरणे मी अशा रीतीने विणली होती, की वाचणाऱ्याला पाझर फुटावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या कचेरीत स्वतः जाऊन दिला. शिक्का घेतला. आवक क्रमांक तारामतीबाईंना जाळीतून वाचून दाखवला. त्या वेळी त्यांच्या हातात फावडे होते.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पाठीवर पिशवी लावलेला एक तिशीतला गृहस्थ गाडीवरून उतरला. नाव सुदर्शन, असे पुढे कळले.

"तारामती रामकिशन कोन?"

"मीच की. या, या, लवकर या."

"मर कुटं हाय?"

त्यांनी त्याला परसात नेले आणि भिंतीशी मान टाकून पडलेली कोंबडी दाखवली. त्याने कोंबडीकडे पाहिले, मग हातातल्या कागदाकडे, मग सबंध परसाकडे.

"मावशी, तूर कुटंय?"

"कुटली तूर?"

"मर तुरीवर येती."

"माज्या कोंबड्यावर आलीया."

"कोंबडीवर मर येत न्हाई, मावशी. म्या कृषी सहायक हाव. तूर वाळती, ती मर."

"आन कोंबडी वाळती ती?"

मी जाळीशी गेलो आणि कडक शब्दांत विचारले, की अर्जात कोंबड्यांचा सविस्तर उल्लेख असताना तो शेती विभागाकडे गेलाच कसा? तो बिचारा सभ्य माणूस होता. कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, विषय वाचून टपाल टेबलाला लागतं. मर म्हनलं की माज्या टेबलाला. सध्या तुरीत मर लई हाय. पुडचं दोन पान कोन वाचतंय?"

मग त्याने पिशवीतून तुरीच्या मुळाशी टाकायच्या जैविक पावडरीचा पुडा काढला. अर्ज त्याच्या नावावर आला होता. काही वाटप झाल्याशिवाय तो निकाली निघत नव्हता. तारामतीबाईंच्या हातात पुडा देऊन त्याने मोबाइलवर फोटो काढला. पार्श्वभूमीला ती कोंबडी होती. फोटो काढताना त्याने "मावशी, जरा हसा" म्हटले नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवतो. महिन्याभराने मला टपालाने कळवण्यात आले, की अर्जदारास जैविक बुरशीनाशकाचे वाटप करून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. एकंदर या व्यवहारात लाभ झाला तो रामकिशनरावांच्या तुरीचा. यंदा ती बरी आली.

तो गेल्यावर तारामतीबाई जाळीशी आल्या.

"सर, त्या विषयात कोंबडी बसंना व्हय? जागा न्हवती?"

सरकारी माणूस विषयाच्या ओळीपलीकडे वाचत नाही, हे मी तेवीस वर्षे वर्गात विनोद म्हणून सांगत आलो आहे. मुले हसतात. पुस्तकातल्या 'अर्जलेखन' या घटकाला पाच गुण असतात. मला त्यांतले किती मिळाले असते, ते मी मोजले. दरम्यान परसात चार कोंबड्या उरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फुटक्या पाटीत पाचवी होती. ती खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसलेली, म्हणून इतरांपासून दूर राहिलेली.

मग तारामतीबाईंनी नवऱ्याच्या खिशातून मोबाइल काढून घेतला, आकड्यांवर बोट ठेवीत नंबर लावला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलल्या, "डाक्टर मॅडम, म्हस अडलीया माजी. पाय भाईर आलाय. लवकर या बाई."

पाऊण तासात पशुवैद्यकीय डॉक्टर वर्षाराणी स्कूटीवर हजर झाल्या. चार गावांचे दवाखाने त्यांच्या एकटीकडे आहेत, कारण बाकीच्या तीन खुर्च्यांवर सरकारने कुणाला बसवलेले नाही. हातमोजे चढवीतच त्यांनी विचारले, "म्हैस कुठाय?"

"म्हस न्हाई मॅडम."

"नाही म्हणजे? मेली?"

"म्हस कदीच न्हवती. कोंबड्या मरायल्यात. कोंबडी म्हनलं असतं तर तुमी आला असताव का?"

डॉक्टर खूप बोलल्या. तिकडे वाडीला खरोखरची गाय ताटकळत ठेवून त्या आल्या होत्या. तारामतीबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. पण त्यांनी मधल्या मध्ये डॉक्टरांना बोलत बोलत कोंबडीपर्यंत आणले होते. डॉक्टर थांबल्या, खाली बसल्या आणि हलक्या हाताने त्यांनी ती मान उचलून पाहिली.

"राणीखेत."

"ते कुटं आलं?"

"गाव नाही मावशी, रोग. मानमोडी. तुम्ही मर म्हणता ती."

मी जाळीतून सांगितले, की याबाबत रीतसर अर्ज केलेला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "हाच फोन पाच दिवस आधी आला असता, सर, तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले. मी ते घरी जाऊन पूर्ण केले. व्याकरणाची काही अडचण आली नाही.

त्यांचा निर्णय असा होता : निरोगी कोंबड्या वेगळ्या काढायची वेळ गेली, आता लस देऊन उपयोग नाही, या चारही जातील. त्यानंतर दोन महिने परस मोकळे ठेवायचे, चुना मारायचा. पाटीतली खुडूकही बहुधा वाचणार नाही. अंडी मात्र रोग यायच्या आधीची आहेत, त्यांतून पिल्ले निघू शकतील. "पण इथं निघाली तर आठवडा काढायची नाहीत. ज्या घरात कोंबडी नाही, कोंबडीचं पाऊल नाही, अशा घरात अंडी न्या. आणि बल्बची ऊब द्या. लाइट जायला नको."

सबंध गल्लीत असे घर एकच होते, आणि ते तसे राहावे म्हणून मी पदरचे पैसे घालून जाळी बसवली होती. इन्व्हर्टरही गल्लीत माझ्याकडेच आहे. वीजपुरवठ्याविषयीचे अर्ज चोवीस झाल्यावर तो घेतला. तारामतीबाईंनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे, सिंधूकडे, बघितले.

"आणा वहिनी इकडं," सिंधू म्हणाली. घराच्या मालकीविषयीचे कागद माझ्या नावावर आहेत, हा मुद्दा त्या वेळी उपस्थित करण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुडूक गेली. अंड्यांवरून उठून जायचेही तिने केले नाही. बसल्या जागी मान वळली. तारामतीबाईंनी तिला बाजूला केले तेव्हा अंडी गरम होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी औषधाच्या कोमट पाण्याने एकेक अंडे पुसले, फडक्यात गुंडाळले, अंघोळ केली, लुगडे बदलले, आणि ओल्या पायांनी माझ्या फाटकातून आत आल्या. गल्लीत एक बाई म्हणाली, "तारामती, नटून कुटं निगालीस?" त्यांचे लक्ष फडक्यातल्या अंड्यांवर होते.

आता खोके हवे होते. घरभर नजर फिरवून त्यांनी माझ्या टेबलाखालचे बाहेर ओढले.

"ह्यो बरा हाय. ह्यातली रद्दी काडा."

"ती रद्दी नाही. अर्ज आहेत."

"त्येच की."

अर्ज जमिनीवर आले. खोक्यात भुसा, फडकी आणि अंडी गेली. मग बल्ब लावला आणि कळले, की घरात एकही उबदार बल्ब नाही. सारे पांढऱ्या उजेडाचे, वीज वाचवणारे. त्यांच्याखाली हात धरला तर प्रकाश पडतो, ऊब लागत नाही. सरकारने गेल्या काही वर्षांत एवढी एकच योजना पूर्णत्वाला नेली आहे, आणि तीही नेमकी आमच्या गल्लीत. रामकिशनराव सायकल काढून मुरुडला गेले. तिथल्या हनीफ इलेक्ट्रिकवाल्याने माळ्यावर चढून जुन्या मालातला साठ वॅटचा पिवळा बल्ब शोधून दिला आणि बजावले, "चच्चा, संभालके. गेला तर दुसरा न्हाई." ते येईपर्यंत तास-दीड तास सिंधू आणि तारामतीबाई यांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंड्यांशेजारी ठेवल्या, आणि मी पाणी तापवले. त्यानंतर तारामतीबाई घरी गेल्या आणि त्यांनी खुडकीला पुरले.

रोग पावलांनी फिरतो, म्हणून त्यांना रोज येण्याची मनाई होती. त्या आपल्या परसात उभ्या राहून जाळीतून कारभार पाहू लागल्या.

"सर, वाटीत पानी ठिवलं का?"

"ठेवले."

"कोमट का गार?"

"कोमट."

"बोट बुडवून बगा. तुमचं कोमट मला ठाव हाय."

मी महाविद्यालयातून चार दिवसांची रजा घेतली. कारण लिहिले : 'घरगुती अडचण.' विषयाच्या ओळीत यापेक्षा अधिक लिहू नये, हे आता मला कळले होते. खुडूक बसल्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला तडा गेला. संध्याकाळपर्यंत चार फुटली. चौथ्यातले पिल्लू अर्धे बाहेर येऊन थांबले ते थांबलेच. उरलेली सात अंडी शांत होती. तीन पिल्ले जिवंत निघाली, तिन्हींच्या माना उघड्या. सिंधूने एकेक तळहातावर घेऊन जाळीपाशी दाखवले. तारामतीबाईंनी जाळीला बोटे लावली नाहीत. त्या दोन हात मागे उभ्या राहून म्हणाल्या, "ते मधलं मऊ हाय. ते न्हाई टिकायचं." तिसऱ्या दिवशी ते गेले. दोन राहिली.

सातव्या दिवशी लस. डोळ्यात एक थेंब. पण कुपी शंभर थेंबांची, आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, दोन पिल्लांसाठी कुपी फोडता येणार नाही. मी शासकीय नियमांतील विसंगतीवर एक टिपण मनातल्या मनात करू लागलो. तारामतीबाईंनी तेवढ्या वेळात शरणम्माला फोन लावला. शरणम्मा ही जवळच्या वाडीवरची त्यांची ओळखीची बाई, घरोघर दूध घालणारी. तिच्याकडून त्यांनी वाडीतल्या प्रत्येक घरची पिल्ले तोंडी मोजून घेतली आणि डॉक्टरांना कळवले, "शंबरातली ऐंशी तरी हायती, मॅडम. पिल्लं टोपलीखाली झाकून ठिवा म्हनून सांगितलंय. तुमची गाडी, माजी मांडी, मांडीवर बरफाचा डबा. आदी माजी दोन, मंग वाडी."

"आधी तुमची का?" डॉक्टरांनी विचारले.

"वाडीवरनं हिकडं आलाव तर तिकडचं हिकडं येईल न्हवं?"

डॉक्टर म्हणाल्या, की हे पुस्तकात दिलेले असते, पण कुणी वाचत नाही.

ती वाडी मला माहीत होती. निम्म्या भावाचा कोंबडा तिथल्याच एका पिशवीतून बाजारात आला होता; रामकिशनरावांनी ते नंतर कबूल केले होते. मी जाळीतून विचारले, "त्याच वाडीला?"

"मंग? तितनंच येतंय तर तितंच अडवाया नगं का?"

दुपारी स्कूटी फाटकाशी आली. डॉक्टरांनी माझ्या अंगणात कुपी फोडली, पहिल्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकला. दुसऱ्याने डोळा मिटला आणि थेंब गालावरून ओघळला. पुन्हा टाकला. तारामतीबाई फाटकाबाहेर गाडीवर मागे बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि गाडी निघाली तेव्हा शरणम्माला फोनवर ओरडून सांगत होत्या, "आगं पाटलाच्या घरचीबी झाक म्हनलं नं! त्यांची काय सोन्याची हायती का?" परत आल्या तेव्हा कळले, की नव्वद थेंब लागले.

पिल्ले माझ्या घरात सात आठवडे वाढली. त्यांनी टेबलाखालच्या अर्जांच्या गठ्ठ्यावर काय केले, ते शुद्ध मराठीत लिहिता येते. पण लिहीत नाही. परसात चुना मारून दोन महिने झाले आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितले, तेव्हा तारामतीबाई पाय धुऊन पिल्ले न्यायला आल्या. त्या अंगणात उकिडव्या बसल्या. दोन्ही पिल्ले आता दीड वीत झाली होती. त्यांचे तुरे लाल आणि उभे. पाय जाड. त्यांनी एकेकाला उचलून तुऱ्यावर बोट फिरवले आणि खाली ठेवले.

"दोनी नर," त्या म्हणाल्या.

सिंधूने तोंडाला पदर लावला. एकतीस वर्षे एकेका कोंबडीवरून वंश पुन्हा उभा करणाऱ्या बाईच्या हाती शेवटी दोन कोंबडे आले होते, आणि ज्या पाच दिवसांत उरलेल्या कोंबड्यांतली एखादी वाचली असती, ते पाच दिवस कुणाच्या नावावर होते हे अंगणातल्या तिघांनाही माहीत होते. काहीतरी बोलणे मला भाग होते. मी म्हणालो, "तारामतीबाई, चूक माझी होती. आता जात संपली म्हणायची."

"कशानं संपती?" त्यांनी एका कोंबड्याला काखेत मारले. "वाडीवरनं चार साद्या कोंबड्या आनते, लस टोचलेल्या. निम्मी पिल्लं बापावर जात्याल, त्यांच्या माना उगड्या निगत्याल. त्यातली निवडायची, पुना निवडायची. लागत्याल दोन-तीन वर्सं."

"पण ती शुद्ध..."

"सर," दुसरा कोंबडा दुसऱ्या काखेत घेऊन त्या उठल्या, "तुमची सगळ्यांची जात बापावरनंच चालती न्हवं? कुनी इचारतंय का, आई कुटनं आनली म्हनून? मंग ह्यांचीबी चालंल."

दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे फाटक त्यांनी गुडघ्याने ढकलले आणि त्या गेल्या.